उंदरांच्या वाट्याचा भरडा

प्रयोगासाठी गाव निवडताना मी साहेबांना तीन कारणं दिली होती. एक, गावात उंदीर भरपूर आहेत. दोन, वालूरपर्यंत एस.टी. जाते आणि तिथून बैलगाडी मिळते, म्हणजे सामान नेणं सोपं. तीन, लोक सहकार्य करणारे आहेत. चौथं कारण मी दिलं नाही. ती माझी सासुरवाडी होती, आणि लग्न होऊन आठ महिने झाले तरी माझी बायको अजून तिथंच होती.

त्या वेळी मी परभणीच्या एका ऑफिसात हंगामी सहायक होतो. हंगामी म्हणजे दर तीन महिन्यांनी मला कागदावर घरी पाठवायचे आणि दुसऱ्या दिवशी कागदावरच परत बोलवायचे. काम उंदरांचं होतं. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं होतं, पाऊस बरा पडला होता, आणि माणसांच्या आधी उंदीर सावरले होते. धान्यात मिसळायची एक काळी विषारी पूड होती. ती खेड्यातल्या घरांत कितपत काम करते, हे आम्हाला तपासायचं होतं. प्रयोग नीट उतरला तर योजना मंजूर होणार, योजना मंजूर झाली तर माझी जागा कायम होणार, आणि जागा कायम झाली तर सासरे मुलगी नांदायला पाठवणार. एवढी सगळी साखळी उंदरांच्या दातांत होती.

सासऱ्यांनी लग्नातच स्पष्ट सांगितलं होतं, "नोकरी कायम होऊ द्या, मग न्या. परभणीत तीन गडी एका खोलीत राहायलात तुमी. तितं पोरीला कुठं ठेवता, फळीवर?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. फळीवर माझी ट्रंक होती.

माझी आई आल्यागेल्याला अभिमानानं सांगायची की पोरगा परभणीला सरकारी कामावर आहे. कसलं काम, असं कुणी विचारलं की ती पाणी आणायला उठायची. तिची अडचण वेगळीच होती. आमच्या घरात धम्म आल्यापासून रोज संध्याकाळी पंचशील म्हटलं जायचं, आणि पहिलं शील जिवाची हिंसा न करण्याचं. मी उंदीर मारायच्या कामाला लागल्यापासून पहिल्या शिलाला माझा आवाज आपोआप खाली जायचा आणि दुसऱ्याला वर यायचा. दुसरं शील, न दिलेली वस्तू न घेण्याचं, ते मला बिनदिक्कत म्हणता येत होतं. पुढं हेच दुसरं शील आमच्या प्रयोगाला नडलं, पण ते नंतर.

साहेब शास्त्राला फार काटेकोर. पेन्सिल कानावर, आणि बोलताना प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं. निघण्याआधी त्यांनी मला समोर बसवून पद्धत समजावली.

"मेलेले उंदीर मोजायचे नाहीत. विष खाल्लेला उंदीर बिळात जाऊन मरतो, तो तुम्हाला दिसत नाही. आपण जिवंत उंदरांची भूक मोजायची. आधी तीन दिवस साधं आमिष ठेवायचं, बिनविषाचं. रोज सकाळी किती गेलं ते तोलायचं. मग दोन दिवस विषाचं. मग दोन दिवस काही नाही. आणि शेवटी परत तीन दिवस साधं. पहिल्या तीन दिवसांत जेवढं गेलं आणि शेवटच्या तीन दिवसांत जेवढं गेलं, त्यातला फरक म्हणजे विषाचा गुण. समजलं?"

"समजलं."

"यात चूक होण्यासारखं काही नाही," साहेब म्हणाले.

सामान मिळालं ते असं: एक पोतं पांढरीशुभ्र शाळूची ज्वारी, जरा भरडून घेतलेली. करडीच्या तेलाचा एक डबा. एक पितळी तराजू आणि त्याची वजनं. कुलपाच्या पेटीत काळी पूड. आणि कुंभाराकडून घेतलेली मातीची चाळीस परळं. साहेबांनी चाळीसच मंजूर केली होती. मी पन्नास मागितली होती, दहा फुटतील म्हणून. साहेब म्हणाले, फोडू नका.

सासुरवाडीच्या गल्लीत वीस घरं होती. घरागणिक दोन परळं, एक धान्याच्या कणगीजवळ आणि एक चुलीमागं. प्रत्येक परळात पन्नास ग्रॅम भरडा, तेलाचं बोट लावून. म्हणजे रोज संध्याकाळी दोन किलो ज्वारी मी उंदरांना वाढणार होतो.

पहिल्या संध्याकाळी मी परळं ठेवत फिरलो तेव्हा बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं, शास्त्राबद्दल कुतूहल आहे.

एका म्हातारीनं विचारलं, "ह्ये काय ठिवायलाव, जावाई?"

मी सांगितलं, "उंदरांचं खाणं. आज यात विष नाही."

"मंग?"

"आधी त्यांना सवय लावायची. विश्वास बसू द्यायचा."

म्हातारीनं परळातला भरडा बोटांनी जरा चाळवला, वास घेतला आणि म्हणाली, "तेल बी लावलंय. लय चांगली बडदास्त हाय उंदराची."

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच उठून वजनाला निघणार, तर सासूबाई तांब्या घेऊन आडव्या.

"आधी तोंड धुवा. पाणी तापलंय."

तोंड धुतलं.

"आता च्या घ्या."

चहा घेतला.

"आंघूळ करून घ्या. उंदीर कुठं पळून जायलेत का?"

जावई पहिल्यांदाच मुक्कामाला आलेला. त्याला पारोशानं दुसऱ्याच्या घरी पाठवणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. तीनही दिवस मी उन्हं चांगली वर आल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडू शकलो नाही. तोलायला गेलो तेव्हा प्रत्येक परळाच्या तळाशी चिमूट-चिमूट उरलेलं. दोन किलोतलं चारशे ग्रॅम शिल्लक, सोळाशे ग्रॅम गायब. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी वहीत आकडे लिहिले आणि खाली शेरा मारला: 'उंदरांचा प्रादुर्भाव फार तीव्र. भूक नियमित.'

भूक माझीही नियमित होती. दुपारी आणि संध्याकाळी मला ओसरीवर पाट मांडून वाढायचे. सासरे शेजारी बसायचे, पण जेवायचे नाहीत. "तुमी घ्या, मी मागून बसतो," म्हणायचे. घरातलं बाकी कुणीही मला दहा दिवसांत जेवताना दिसलं नाही. मी याचा अर्थ असा काढला की माझा फार मान ठेवतात. भाकरी मात्र अशी मी आजवर खाल्ली नव्हती. पांढरी, पापुद्रा सुटलेली आणि इतकी मऊ की दुपारची संध्याकाळी चुरली तरी तुकडा वाकायचा, मोडायचा नाही.

"भाकरीत काय घालता?" मी एकदा विचारलं.

"काय घालायचंय? पाणी," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून माझी बायको हसल्याचा आवाज आला. नवऱ्याचं कौतुक ऐकून लाजली, असं मी समजलो. त्या काळात मी बऱ्याच गोष्टी समजायचो.

बायकोशी बोलायची सोय तशी नव्हतीच. घर तिच्या वडिलांचं, गल्ली सगळी ओळखीची. ती चहा आणून ठेवायची आणि मी म्हणायचो, "आज सोळाशे ग्रॅम गेलं." ती म्हणायची, "हो का," आणि जायची. आठ महिन्यांनी भेटलेल्या नवराबायकोचं एवढंच संभाषण.

संध्याकाळी वंदनेला गल्ली जमायची. मी पहिल्या शिलाला पुटपुटायचो. त्या तीन दिवसांत आणखी एक गोष्ट कानावर आली. दुसरं शील सुरू झालं की बायकांच्या बाजूला खोकल्याची साथ यायची. सासूबाई तर पार पदर तोंडाला लावायच्या. करडीच्या तेलाच्या दिव्याचा धूर असेल, असं मी समजलो.

चौथ्या दिवशी विष ठेवायचं होतं. वंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि आयुष्यातलं पहिलं भाषण केलं. म्हटलं, आजपासून भरडा काळा दिसेल. त्याला कुणी हात लावायचा नाही. कोंबड्या डालग्यात, लेकरं नजरेसमोर. चुकून हात लागला तर राखेनं धुवायचा. यातला एक घास पोटात गेला तर परभणीच्या दवाखान्यापर्यंतही माणूस पोचणार नाही.

सभेत शांतता पसरली. भाषण एवढं परिणामकारक झालेलं बघून मी स्वतःच जरा हललो.

सासूबाईंनी हळूच विचारलं, "आणि कालपरवाच्यात न्हवतं ना काई?"

"नाही. ते साधं होतं."

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः मिसळलंय."

"न्हाई, उंदराच्या जिवाला म्हणून इचारलं," त्या म्हणाल्या.

दोन दिवस विष ठेवलं. गल्लीत मेलेले उंदीर एकूण पाच सापडले, त्यातला एक मांजरानं मारलेला असावा असा वाद झाला. पण मेलेले मोजायचे नाहीत हे मला पाठ होतं. मग ती चाळीस परळं मी विहिरीवर नेऊन राखेनं, मग गरम पाण्यानं, मग परत राखेनं घासली. दोन दिवस उन्हात वाळवली आणि त्यातच परत पांढरा भरडा घालून घरोघरी ठेवला. नवी परळं मंजूर नव्हती.

आता खरी परीक्षा. सकाळी आश्चर्य म्हणजे मला कुणी अडवलं नाही. पाणी तापलेलं नव्हतं, चहाला उशीर होता. मी पारोसाच तोलायला गेलो. पहिल्याच घरात परळ जवळजवळ भरलेलं. दुसऱ्यात तसंच. तिसऱ्यात उंदरानं कडेचं जरासं खाल्लेलं. वीस घरं फिरून बेरीज केली. दोन किलोतलं गेलं होतं दीडशे ग्रॅम.

मी गल्लीच्या तोंडाशी तराजू घेऊन उभा राहिलो आणि परत बेरीज केली. सोळाशेवरून दीडशे. म्हणजे नव्वद टक्क्यांवर गुण. साहेब म्हणाले होते, सत्तर आला तरी आपण जिंकलो.

त्या दिवशी चहा आल्यावर मी बायकोला म्हणालो, "दीडशेच ग्रॅम गेलं."

ती म्हणाली, "हो का."

"अगं, नव्वद टक्के उंदीर मेले. माझी नोकरी कायम होणार. तुला घेऊन जाणार मी."

ती दारातच थांबली. तिचा चेहरा आनंदानं फुलायला हवा होता. ती पातेल्यात बघावं तशी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सगळं त्या आकड्यावर असतंय का?"

"सगळं."

"हो का," म्हणून ती आत गेली.

पुढचे दोन दिवसही दीडशेच्या आसपासच. मी वही पूर्ण केली, खाली दोन रेघा ओढल्या. सासऱ्यांना आकडा सांगितला. ते अंगणातल्या पोत्यावर बसले होते. त्यांच्या मागच्या कणगीवरून एक उंदीर दिवसाढवळ्या निवांतपणे चालत गेला. आम्ही दोघांनी त्याला बघितलं.

"ह्यो धा टक्क्यातला असंल," सासरे म्हणाले.

निघायच्या दिवशी दुपारी शेवटचं जेवण वाढलं. पाट, तांब्या, वरण, ठेचा, आणि भाकरी. भाकरी लाल होती. लालसर नव्हे, चांगली लाल, कडेनं चिरलेली आणि जाड. पुढं काय बोलायचं याचा विचार करून बोलायची सवय मला अजूनही नाही, तेव्हा तर नव्हतीच.

मी म्हणालो, "आज भाकरी अशी का?"

सासरे छपराकडं बघायला लागले. सासूबाई हातातलं वाढणं तसंच धरून आत गेल्या. मी तुकडा मोडला. दुष्काळात रेशनला मिलो मिळायची, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. ती चव गावोगाव सगळ्यांना पाठ होती. ती आता संपली असेल, असं मला परभणीत राहून वाटत होतं.

जेवण झाल्यावर परळं बांधायला घेतली तेव्हा बायको मदतीला आली. परळांच्या मध्ये कडबा घालता घालता ती खाली मान घालून बोलली.

"पांढरी संपली. तुमी आज जाणार म्हणून आईनं बरोबर आजपर्यंत पुरवली होती. सकाळीच निघाल असं तिला वाटलं. तुमी जेवायला थांबलाव."

"पांढरी कुठली?"

"तुमचीच."

"माझी कुठली?"

बायकोनं एक परळ उचलून माझ्यासमोर धरलं.

मला जरा वेळ लागला. घरात ज्वारी नव्हती. नव्या पिकाला अजून तीन महिने होते, गेल्या वर्षीचं उंदरांनी नेलं होतं, आणि घरातले सगळे मिलो खात होते. जावई पहिल्यांदा मुक्कामाला आलेला, त्याच्या ताटात तांबडी भाकरी कशी वाढायची, हा प्रश्न सासूबाईंसमोर होता. आणि तो जावई रोज संध्याकाळी त्यांच्याच चुलीमागं पांढरी शाळू तेल लावून ठेवत होता.

"पहिल्या दिवशी आईनं आपल्या घरची दोन परळं काढली. उंदरानं तोंड लावलेलं न्हाई घेतलं, बिनतोंडाचं तेवढंच. चिमूटभर ठिवलं तळाला, तुमाला वाईट वाटू नये म्हणून. मग शेजारणीला कळलं. ती म्हणाली, जावाई काय तुमच्या एकटीचा हाय का? गल्लीचा हाय. मग सगळ्या आणून द्यायल्या. पदरातून. तुमी आंघुळीला गेलाव की."

म्हणजे ते तापलेलं पाणी, तो चहा, तो पारोसा न पाठवण्याचा आग्रह.

"सगळी मी खाल्ली?"

"मंग कोण? आमी एक घास न्हाई घेतला. आईनं डब्याला फडकं बांधून ठिवलं होतं."

"आणि विषानंतर परत पांढरा ठेवला तेव्हा?"

"ज्या परळात तसलं औषध होतं त्यातलं कोण घेईल? तुमीच तर सभेत तसलं बोललाव. बाया आता त्या परळाच्या सावलीत उभ्या राहीनात."

मी वही उघडली. 'उंदरांचा प्रादुर्भाव फार तीव्र. भूक नियमित.' अक्षर छान आलं होतं.

आत जाऊन मी सासूबाईंना विचारलं, रोज किती निघायची. त्या भिंतीकडं तोंड करून भांडी घासत होत्या. "दोन शेर," त्या म्हणाल्या. "मापानं. तुमच्या तराजूवानी न्हाई, पन बरोबर." मग जरा थांबून, "तुमाला काई तरास न्हाई ना झाला पोटाला?"

मी नाही म्हणालो. पोतंभर ज्वारी घेऊन मी या घरात उतरलो होतो. त्यातली दोन पायली उंबऱ्याच्या आत ओतावी, एवढं मला दहा दिवसांत सुचलं नव्हतं. सरकारी होती म्हणून नव्हे. सुचलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष उंदरांच्या भुकेकडे होतं.

दोन शेर म्हणजे साधारण चौदाशे ग्रॅम. सोळाशेतून चौदाशे गेले, राहिले दोनशे. विषाआधी उंदीर दोनशे ग्रॅम खात होते, विषानंतर दीडशे. नव्वद टक्क्यांचे पंचवीस टक्के झाले. उरलेला सगळा गुण सासूबाईंचा होता.

बैलगाडी येऊन उभी होती. मी बायकोला म्हणालो, "हे साहेबांना नाही सांगितलं तर कुणाला कळणार नाही."

"न्हाई कळणार," ती म्हणाली.

"सांगितलं तर नोकरी जाईल. मग तुझे वडील..."

"आणि न्हाई सांगितलं तर जिल्हाभर हीच पूड वाटतील. लोक ठिवतील. उंदीर मरणार न्हाईत." तिनं शेवटचं परळ कडब्यात दाबलं. "लोक म्हणतील, कुण्या शहाण्यानं तपासली होती? मी तितं नांदायला येऊ आणि ह्ये ऐकत बसू का?"

वालूरहून परभणी, एवढ्या प्रवासात मी साहेबांना सांगायची वाक्यं पाचसहा प्रकारे जुळवली. प्रत्यक्षात केबिनमध्ये गेल्यावर एकच आलं.

"साहेब, साधं आमिष मी खाल्लं."

साहेबांनी पेन्सिल कानावरून काढली. मी सगळं सांगितलं, पहिल्या आंघोळीपासून लाल भाकरीपर्यंत. त्यांनी विचारलं, "शेर मापी की वजनी?"

"मापी."

"भरलेला की सपाट?"

"ते विचारलं नाही."

"विचारायला हवं होतं," साहेब म्हणाले. त्यांनी कागदावर दोन बेरजा केल्या आणि एक वजाबाकी. मग माझा नव्वद टक्क्यांचा अहवाल उचलून त्यावर आडवी रेघ मारली. तिरकी नाही, पट्टी लावून आडवी.

"विष चांगलं की वाईट, हे आपल्याला कळलेलं नाही. वापरलेली परळं परत वापरणं ही माझी चूक, ती मी लिहीन. गाव निवडणं ही तुमची. गावात तुमचं कोण आहे हे तुम्ही सांगितलं नव्हतंत."

"नव्हतं."

"भरडा मात्र उत्तम आहे, असं दिसतं." त्यांचा चेहरा होता तसाच होता. "पुन्हा करायचा. दुसरं गाव. नवीन परळं. साध्या आमिषाला निळा रंग द्यायचा, म्हणजे कुणी घेणार नाही. आणि जिथं तुम्हाला कुणी जेवायला वाढणार नाही असं गाव बघा. जागा कायम होण्याचं आता काही सांगू शकत नाही. मार्चपर्यंतची योजना आहे, पुढं काय ते वरून ठरेल."

केबिनबाहेर पडताना मला बरं वाटलं, आणि जिना उतरेपर्यंत वाईट वाटायला लागलं.

त्याच आठवड्यात मी परत सासुरवाडीला गेलो, या वेळी पोतं न घेता. खरं म्हणजे निरोप पाठवता आला असता. पण तोंडानं सांगावं असं वाटलं. ओसरीवर बसून सासऱ्यांना सांगितलं की प्रयोग रद्द झाला, नोकरी कायम नाही, मार्चनंतरचं ठाऊक नाही, आणि आता पाथरीकडच्या एका गावात पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं आहे.

सासऱ्यांनी एकदा कणगीकडं बघितलं. मग म्हणाले, "रद्द आमच्यापायी झाला."

"नाही. माझ्यामुळं. मी खाल्लं."

"तितं किती दिवस ऱ्हावं लागंल?"

"दोन महिने. एकामागून एक तीन गल्ल्या करायच्या आहेत."

"ऱ्हायला?"

"शाळेमागची एक खोली देतो म्हणालेत."

"आणि जेवायला?"

यावर मी काही ठरवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "बघू. काहीतरी करीन."

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि सासूबाई दारात आल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर उभ्या राहून नवऱ्याशी बोलल्या.

"काईतरी करीन म्हंजे काय करतील? पोतं समोरच आसंल की. भूक लागली की त्याच्यातच हात घालतील. मंग परत रद्द."

"आई, मी काय..." मी सुरुवात केली.

"तुमी गप बसा, जावाई. तुमाला सांगितल्याबिगर कळत न्हाई." त्या सासऱ्यांकडं वळल्या. "कायम व्हायची वाट बघत बसलाव तर ह्ये कवाच कायम व्हायचे न्हाईत. पोरीला द्या धाडून. भाकर तर थापून घालील."

सासऱ्यांनी छपराकडं बघितलं, मग कणगीकडं, मग माझ्याकडं. "ती काय म्हणती?"

आतून माझ्या बायकोचा आवाज आला, "ट्रंक भरून ठिवलीय."

शाळेमागच्या खोलीत आमचा संसार सुरू झाला. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात निळ्या ज्वारीचं पोतं. पीक यायचं होतं, रेशनला मिलोच होती, आणि दोन महिने आम्ही दोघं समोरासमोर बसून लाल भाकरी खाल्ली. ती कडेनं चिरायची. मी एकदाही विचारलं नाही की भाकरी अशी का. बायको रोज पहाटे, मी उठायच्या आधी, दोन-चार घरांतून चक्कर मारून परळं कुणी हलवली तर नाहीत ना ते बघून यायची, आणि मला आंघोळीआधीच घराबाहेर काढायची. त्या खेपेला विषाचा गुण निम्म्याच्या जरा वर आला. साहेबांनी तो जसाच्या तसा वर पाठवला. योजना मंजूर झाली नाही. माझी जागा कायम झाली ती चार वर्षांनी, बियाण्यांच्या विभागात, आणि तिथं मला उगवण मोजायचं काम मिळालं. आई मग आल्यागेल्याला कामही सांगायला लागली.

आता घर पक्कं आहे, तरी उंदीर येतात. विष मी आणत नाही. पहिल्या शिलामुळं, असं मी सांगतो. पिंजरा लावतो, सापडलेला उंदीर ओढ्यापलीकडं सोडून येतो, आणि तो बहुधा माझ्या आधी घरी पोचतो. परवा मुलगी आणि जावई आले होते. संध्याकाळी मी पिंजऱ्याच्या आकड्याला भाकरीचा तुकडा अडकवत होतो. जावयानं कुतूहलानं विचारलं, असा तुकडा किती दिवस पुरतो.

मी पद्धत सांगायला तोंड उघडलं. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "त्यांना काय विचारायलात? त्यांच्या हातात तुकडा हाय तवर लक्ष ठिवा."